शाईनं लिहा

तार्तूहून अंधारातच निघणारी बस.
मांडीवर चिकट कागदांचं खोकं,
सहा रंगांची स्केचपेनं, सतरा जणांची हजेरी.
नार्व्हाला उतरले तेव्हा साडेआठ वाजले होते
आणि जानेवारीला उजाडायची घाई नव्हती.
विषय : सामाजिक शास्त्रांच्या अध्यापनात साधनांचा वापर.
माध्यम : एस्टोनियन. कालावधी : दोन दिवस. चहाची सोय आहे.

बाकं सहावीच्या मापाची.
गुडघे बाकाला टेकवून बसलेली माणसं
माझ्या आईच्या वयाची, काही तिच्याहून मोठी.
भूगोलाचे व्हसेव्होलोद सर कोट न काढता,
रिम्मा बाई वहीला समास आखत.
खिडकीबाहेर गोठत चाललेली नदी,
पलीकडे त्यांचा किल्ला, अलीकडे आमचा,
भांडण विसरलेल्या शेजाऱ्यांसारखे
किंवा न विसरलेल्या.

मी फळ्यावर तीन प्रश्न लिहिले :
हे कोणी लिहिलं?
कोणासाठी लिहिलं?
काय लिहायचं टाळलं?
मग बोलत राहिले. माझ्याकडे बावन्न स्लाइड होत्या.

मधल्या सुट्टीनंतर शेवटच्या बाकावरून
झोया अर्काद्येव्ना उठल्या.
पिशवीतून तीन वह्या काढल्या,
पाठ-टाचणाच्या, कडा झिजलेल्या.
एकच इयत्ता. एकच पाठ. सन चव्वेचाळीस, हे शहर.

पहिल्या वहीत, त्र्याऐंशी साली, मथळा : मुक्ती.
खाली मुख्याध्यापकांची सही, शेरा : उत्तम.
दुसरीत, ब्याण्णव साली : ताबा.
सही दुसऱ्याची. शेरा तोच.
अक्षरही तेच होतं, गोल, ठसठशीत,
फक्त दुसऱ्या वहीत निब कागदात रुतली होती.

त्या एस्टोनियनमधून बोलत होत्या.
आमच्या चौदा विभक्ती म्हणजे त्यांना
अंधारात चाचपडायची चौदा दारं;
‘इतिहासातून’ म्हणायचं तिथं
‘इतिहासावर’ म्हणाल्या.
माझे ओठ दुरुस्तीला उघडले
आणि तसेच राहिले.
सगळ्यांनी ते पाहिलं.
वसंतात परीक्षा आहे त्यांची, भाषेची.
नापास झाल्या तर चाळीस वर्षांनंतर
खडू खाली ठेवायचा.

‘हे कोणी लिहिलं?’ माझाच प्रश्न त्यांनी वाचला.
‘मी लिहिलं. दोन्ही वेळा मीच.
आता सांगा, मी साधन आहे
की तुमची प्रशिक्षणार्थी?’

कोणी हसलं नाही.
मी पुढची स्लाइड लावली. ती एका वर्तुळाची होती.

तिसरी वही त्यांनी उघडलीच नव्हती.
संध्याकाळी, खुर्च्या रचताना, मी मागून घेतली.
दोन हजार सहा. मथळ्याची ओळ कोरी.
खाली एवढंच :
घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारून या,
तेव्हा तुम्ही कुठं होतात, आणि काय खाल्लंत.
उत्तरं वर्गात मोठ्यानं वाचू नयेत,
ज्याला वाचायचं असेल त्यानं वाचावं.
सहीची जागा रिकामी.
शेरा नाही.

‘पेन्सिलीनं का नाही लिहिलंत?’ मी विचारलं,
‘म्हणजे खोडता आलं असतं.’
त्या हातमोजे चढवत होत्या, बोट बोट सावकाश.
‘शाईनं लिहावं, केर्तू.
उद्या एखादं पोर मोठं होऊन दारात आलं,
म्हणालं, बाई, तुम्ही आम्हाला काय शिकवलंत,
तर दाखवता आलं पाहिजे.’
ह्या वाक्यात एकही चूक नव्हती.
मी मोजत होते, याचीच लाज वाटली.

परतीच्या बसमध्ये अभिप्रायाचे कागद चाळले.
सोळा जणांनी लिहिलं होतं : उपयुक्त.
सतराव्यावर, ठसठशीत गोल अक्षरात :
मुलं बाराव्या मिनिटाला कंटाळतात.
तुम्ही सव्विसाव्या मिनिटापर्यंत बोललात.
प्रश्न चांगले होते.
उद्या वर्तुळ आणू नका.

राक्वेरेच्या आसपास बर्फ सुरू झालं.
मी उद्याचं टाचण काढलं,
बावन्नातल्या एक्केचाळीस स्लाइड काट मारून टाकल्या,
आणि मथळ्याच्या ओळीवर
पेन टेकवून बसले,
थांबा येईपर्यंत.
मग लक्षात आलं, दुसरा दिवस उद्याच आहे
आणि मी तर घरी चालले होते;
उतरले, उलट्या दिशेची बस विचारली.